दैव पाचवं आहे

गीतेच्या अठराव्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात की कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात: अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवं दैव. कर्म शरीराचं असो, वाणीचं असो की मनाचं, न्यायाचं असो की अन्यायाचं, ही पाचही त्यात असतातच. जबलपूर जिल्ह्यातल्या मझौली गावी, आमच्या घरी आई चातुर्मासात ज्ञानेश्वरी वाचायची. अठरावा अध्याय सगळ्यांत मोठा, त्यामुळे हा भाग येईपर्यंत दिवाळी उंबरठ्याशी आलेली असायची आणि आम्हा मुलांचं लक्ष करंज्यांकडे. पुढे जबलपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ म्हणून लागले, गॅसची सिलिंडरं बदलणं माझ्या कामाचा भाग झालं, तेव्हा हा श्लोक मी पुन्हा काढून वाचला. त्या वेळी नजरेत भरला तो त्यातला क्रम. दैव तिथे सगळ्यांत शेवटी येतं.

आमच्याकडे हा क्रम सहसा उलटा लागतो. काही बिघडलं की पहिलं वाक्य येतं, ‘भगवान की मर्जी.’ काही बिघडता बिघडता राहिलं तरी तेच. मझौलीत हे जरा जास्तच ऐकू येतं, कारण गावाची ओळखच विष्णुवराहाच्या मंदिराने आहे. कलचुरी काळातली ती दगडी मूर्ती पशुरूपातली आहे आणि तिच्या अंगावर देवदेवतांच्या लहान लहान आकृती कोरल्या आहेत. पृथ्वीच ज्याने उचलली त्याच्या गावात आपण कशाला भार वाहायचा, अशी एक समजूत इथल्या बोलण्यात मुरली आहे. माझी श्रद्धा त्या वराहावर आहे. मंदिरात गेले की हात आपोआप जोडले जातात. पण रसातळातून पृथ्वी वर आणणाऱ्याने ती किती जपून धरली असेल, याचाच विचार मी त्या मूर्तीसमोर जास्त करते.

तर प्रश्न असा: अपघात झाला किंवा टळला, तर त्यात देवाचा वाटा किती आणि आपला किती? ज्याने मला या प्रश्नावर विचार करायला लावलं, त्या सिलिंडराबद्दल आधी सांगते.

प्रयोगशाळेतलं मोठं सिलिंडर साधारण माझ्या खांद्याएवढं उंच. रिकामंसुद्धा ५०-६० किलोचं असतं. आत ४७ लिटरची जागा, आणि तिच्यात १५० बार दाबाने सुमारे ७ घनमीटर वायू कोंडलेला. मोटारीच्या टायरात दोन बारच्या आसपास हवा असते, म्हणजे हा दाब त्याच्या सत्तरपट. एवढं सगळं वरच्या बोटभर लांबीच्या पितळी झडपेवर अडलेलं. सिलिंडर आडवं पडलं आणि ती झडप मानेतून तुटली, तर वायू एका दिशेने सुटतो आणि सिलिंडर उलट दिशेने धावतं. विटांची भिंत त्याला अडवेलच असं नाही. म्हणून झडपेवर लोखंडी टोपी असते आणि सिलिंडर साखळीने भिंतीला बांधलेलं असतं.

यात भीती फक्त दाबाची नसते. हायड्रोजन हवेत चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कुठेही पेट घेतो आणि दिवसाउजेडी त्याची ज्योत दिसत नाही. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण तेलाचा किंवा ग्रीसचा एखादा थेंब दाबाखालच्या ऑक्सिजनला लागला तर तिथे आग होते. ॲसिटिलीन सिलिंडरात ॲसिटोनमध्ये विरघळवून ठेवलेलं असतं, म्हणून ते कायम उभंच ठेवायचं, आणि त्याच्या वाटेत तांब्याची नळी घालायची नाही, कारण तांब्याशी त्याचं जे संयुग होतं ते धक्क्याने फुटतं. सगळ्यांत भोळा दिसणारा नायट्रोजन. रंग नाही, वास नाही, विष नाही. बंद खोलीत तो साठला की ऑक्सिजन कमी होतो. आपला श्वास कोंडतो तो कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे, आणि इथे तो वाढत नाही, म्हणून गुदमरल्याचं कळतही नाही. माणूस उभ्या उभ्या कोसळतो. त्याला उचलायला धावणारा दुसराही त्याच्यावर पडतो.

आता पहिलं कारण, अधिष्ठान. शंकराचार्य आणि त्यांच्या वाटेने ज्ञानेश्वर महाराज अधिष्ठान म्हणजे शरीर घेतात, कर्म जिथे घडतं ती जागा. मी ती जागा खोलीपर्यंत नेते. हे नेणं माझं आहे, आचार्यांचं नव्हे. फरशी ओली आहे का, भिंतीतला साखळीचा खिळा ढिला झाला आहे का, खिडकी रंगाने चिकटून बसली आहे का, हायड्रोजनच्या शेजारी ऑक्सिजन उभा आहे का. आमच्या जुन्या इमारतीत सिलिंडरं जिन्याखालच्या कोनाड्यात ठेवायची पद्धत होती. तिथे हवा खेळत नसे आणि आग लागली असती तर बाहेर पडायचा रस्ताही तोच होता. ती जागा बदलून घ्यायला मला फार वेळ लागला. अर्ज केले, स्मरणपत्रं दिली, साहेबांच्या केबिनबाहेर उभी राहिले. मी ते पूजेआधी जागा सारवून घेण्यासारखं धरलं. अधिष्ठान नीट नसेल तर पुढच्या चारही कारणांचा नाइलाज होतो.

दुसरा कर्ता. सिलिंडर बदलताना कर्ता एकटा कधीच नसतो. शहराच्या रिछाई भागाकडून टेम्पो यायचा, त्यावर एक भैया असायचे. वयाने माझ्याहून मोठे. खांद्यावर गमछा, पायात मात्र कंपनीने दिलेले जाड बूट. ते सिलिंडर थोडं तिरकं करून बुडाच्या कडेवर फिरवत नेण्यात पटाईत होते. लांबचं अंतर असेल तर मी ट्रॉलीचा आग्रह धरायची. सुरुवातीला त्यांना तो त्यांच्या कसबाचा अपमान वाटला, नंतर स्वतःच ट्रॉली मागू लागले. एक गोष्ट त्यांनी कधी चुकवली नाही: टोपी बसवल्याशिवाय सिलिंडर जागचं हलवायचं नाही. रिकामं असलं तरी. ‘खाली कौन कहता है, दीदी?’ म्हणायचे. त्यांचं बरोबर होतं. वापरलेल्या सिलिंडरात थोडा दाब मुद्दाम राखून झडप बंद करतात, म्हणजे बाहेरची हवा आत शिरत नाही. भरलेलं आणि रिकामं, दोन्हींचा मान त्यांच्या हाती सारखा होता.

तिसरं करण, म्हणजे साधन. आचार्य इंद्रियं म्हणतात, माझ्या हातात पाना होता आणि रेग्युलेटर. ज्वलनशील वायूच्या झडपेचे आटे डावे असतात, बाकीच्यांचे उजवे. त्यामुळे हायड्रोजनचा रेग्युलेटर नायट्रोजनला बसतच नाही. डाव्या आट्याच्या नटाच्या कोपऱ्यांवर खाचा कोरलेल्या असतात. अंधुक उजेडात नुसतं बोट फिरवलं तरी कळतं. ज्याने पहिल्यांदा आटे उलटे करायचं ठरवलं त्याचं नाव मला माहीत नाही, पण त्या माणसाबद्दल माझ्या मनात आदर आहे. कुठल्या तरी अनोळखी खोलीतल्या थकलेल्या, घाईतल्या माणसाचा त्याने आधीच विचार करून ठेवला. कुणी ‘बसत नाही’ म्हणून जोर लावतो, मधे जोडणीचा तुकडा घालतो, आट्यांवर टेप गुंडाळतो, तेव्हा तो त्या विचारावर पाय देत असतो. रंगांचंही तसंच: हायड्रोजन लाल, ऑक्सिजन काळा, ॲसिटिलीन मरून, नायट्रोजन राखाडी आणि मानेशी काळा. तरीही रंगावर विसंबायचं नाही. रंग उडतो, कुणी भलताच लावतो. नाव लिहिलेली चिठ्ठी वाचायची, आणि चिठ्ठी नसेल तर सिलिंडर परत पाठवायचं.

चौथं कारण, चेष्टा, म्हणजे हालचाली. यावर मी जास्त वेळ थांबणार आहे. जुन्या सिलिंडराची झडप बंद करायची. रेग्युलेटरमध्ये अडकलेला वायू सोडून द्यायचा, दोन्ही काटे शून्यावर येईपर्यंत. दाबाची मूठ उलटी फिरवून ढिली करायची. मग पाना लावायचा. रेग्युलेटर काढला की टोपी, टोपीनंतर साखळी, साखळीनंतर ट्रॉली. हा क्रम मोडायचा नाही. नवं सिलिंडर आलं की आधी साखळी, मगच टोपी काढायची. झडपेच्या तोंडात माती, तेल, किडा नाही ना ते बघायचं. रेग्युलेटर बसवायचा, मूठ ढिलीच आहे याची पुन्हा खात्री करायची, काट्याच्या काचेसमोरून बाजूला व्हायचं आणि झडप सावकाश उघडायची. मग साबणाचं पाणी ब्रशने सांध्यावर लावायचं आणि खाली वाकून बुडबुडे बघायचे. ते बघताना घाई करायची नाही. बारीक गळतीचा बुडबुडा मोहरीएवढा असतो आणि यायला वेळ घेतो. मी तेवढ्या वेळात मनात रामरक्षेचे दोन-तीन श्लोक म्हणत असे. देवाने रक्षण करावं हा त्यात हेतू होताच, पण पाठ म्हणताना डोळे सांध्यावरून हलत नसत, हे अधिक.

इथे मला विनोबांशी थोडं बोलायचं आहे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. त्यात विनोबा सांगतात की बाहेरच्या कर्माला आतल्या मनाची जोड मिळाली, तिला ते विकर्म म्हणतात, की त्या कर्माचं ओझं उरत नाही, ते अकर्म होतं. हे मी अनुभवलं आहे. साबणाचं पाणी लावताना मन तिथेच असलं की ते काम जड जात नाही. पण कर्म सहज होत जातं, असं जे ते पुढे म्हणतात तिथे मी अडखळते. सिलिंडरापाशी हात सहज चालायला लागला की मी थांबत असे. सवयीच्या हाताला मूठ ढिली केल्याची आठवण असते, पण ती आजची की कालची, हे त्याला सांगता येत नाही. म्हणून दाराच्या आतल्या बाजूला क्रमाची पाटी लावली होती आणि प्रत्येक वेळी मी ती मोठ्याने वाचत असे. नवी मुलं आधी हसायची, मग माझ्याबरोबर वाचू लागायची. विनोबांच्या सहजतेत कदाचित हे अवधानही धरलेलं असेल. मला मात्र ते वेगळं, ठळक सांगावंसं वाटतं, कारण प्रयोगशाळेतल्या मुलाला ‘सहज’ एवढंच ऐकू जातं.

आणि मग पाचवं, दैव. शंकराचार्य इथे नशीब म्हणत नाहीत. डोळ्याला सूर्य, तशी प्रत्येक इंद्रियाला शक्ती देणारी देवता असते, ती ते दैव म्हणून घेतात. ज्ञानेश्वरही याच अंगाने जातात. रामानुजाचार्य तिथे अंतर्यामी परमात्मा बघतात. दोन्ही अर्थ घेतले तरी दैव आपल्या पाहण्या-करण्याच्या आतच येऊन बसतं. बुडबुडा दिसला तो डोळ्याला, आणि डोळा पाहू शकला तो सूर्याच्या कृपेने. मी पाहिलंच नाही तर सूर्याने काय करावं?

एका दुपारी, दुसऱ्या एका संस्थेत परीक्षेच्या कामाला गेले असताना, बांधून न ठेवलेलं भरलेलं सिलिंडर कुणाचा तरी धक्का लागून माझ्यासमोर आडवं झालं. आवाजाने सगळी इमारत गोळा झाली. सिलिंडर घरंगळत टेबलाच्या पायाशी थांबलं, काहीही झालं नाही. तिथल्या प्रमुखांनी डोळे मिटून हात जोडले आणि म्हणाले, ‘भगवान ने बचा लिया.’ संध्याकाळी पेढे वाटले. मी त्या सिलिंडराजवळ गेले. टोपी बसवलेली होती, घट्ट. सकाळी ज्याने ते उतरवलं होतं त्या माणसाने ती काढली नव्हती. त्याला पेढा पोचला नाही, कारण तो कोण हे कुणी विचारलंच नाही. साखळी का नव्हती हेही कुणी विचारलं नाही. देवाचं नाव त्या दिवशी दोन माणसांवर पांघरूण म्हणून पडलं: ज्याने काळजी घेतली त्याच्यावर आणि ज्याने घेतली नाही त्याच्यावर. मला तो देवाच्या नावाला कमीपणा वाटला. भगवंत त्या खोलीत होता यावर माझा विश्वास आहे. तो त्या अनोळखी माणसाच्या मनगटात होता, टोपीचा शेवटचा आटा फिरवताना.

कर्मफलाच्या त्यागाबद्दल आपण खूप ऐकतो. सिलिंडर नीट बदलण्याचं फळ काय? काही न घडणं. वर्षानुवर्षं काही घडलं नाही म्हणून कुणाचा सत्कार होत नाही, गोपनीय अहवालात त्याला रकाना नसतो. हे फळ दिसत नसल्याने त्याची आसक्तीही धरता येत नाही. निष्काम कर्म म्हणजे काय हे मला प्रवचनांपेक्षा या कामाने जास्त शिकवलं.

एक शंका उरते, आणि ती खरी आहे. त्याच अध्यायात पुढे म्हटलं आहे की जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याची बुद्धी कच्ची. म्हणजे मग अपघातानंतर ‘मी कर्ता नाही’ असं म्हणायची सोय गीतेनेच करून ठेवली आहे का? मी यावर बराच विचार केला. मला वाटतं, हा श्लोक त्याच्यासाठी आहे जो यशाचा हार एकट्याच्या गळ्यात घालून घेतो. दोष झटकणाऱ्याच्या हाती तो लागतच नाही, कारण त्याआधी चार कारणांचा हिशोब मांडून ठेवला आहे. फरशी, माणूस, साधन, हालचाल. पाचही मिळून कर्म होतं, तर जाबही पाचांचा, आणि त्यांतल्या चौघांना आपण बोलावून विचारू शकतो.

न विचारल्याने काय होतं, हे आम्हा मध्य प्रदेशातल्या माणसांना सांगावं लागू नये. 1984 च्या डिसेंबरात भोपाळच्या कारखान्यातल्या 610 क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं आणि झोपलेल्या शहरावर वायू उतरला. त्या टाकीला थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती. गळलेला वायू जाळून टाकायच्या मनोऱ्याची जोडणी दुरुस्तीसाठी काढून ठेवली होती. अधिष्ठान गेलेलं, साधनं गेलेली. त्यानंतर ‘नियती’ हा शब्द कितीतरी लेखांत मी वाचला. 2018 च्या 5 डिसेंबरला बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्रयोगशाळेत स्फोट झाला, एक तरुण संशोधक गेला, तिघे जखमी झाले. 2021 च्या 21 एप्रिलला नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली, पुरवठ्याचा दाब उतरला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. कोविडच्या त्या एप्रिलात आम्हीही जबलपुरात एकेका सिलिंडरासाठी फिरत होतो, आणि ज्यांना कधी सिलिंडर हाताळायची वेळ आली नव्हती अशी मुलं वडिलांच्या खाटेशी पाना घेऊन उभी होती. मला फोन यायचे: काकू, कुठल्या बाजूला फिरवायचं? मी सांगायची, हाताला तेल नाही ना बघ, देवापुढचं निरांजन विझव, मग हळू उघड. एका घरातल्या आजींना निरांजन विझवणं अशुभ वाटलं. मी त्यांना म्हटलं, आजी, देवाला कळतं. त्यांनी स्वतः उठून दिवा दुसऱ्या खोलीत नेला.

या देशात सिलिंडरांसाठी कायदा आहे, 1884 च्या स्फोटकांच्या कायद्याखाली 2016 साली नवे नियम झाले आहेत, आणि ते बघणाऱ्या केंद्रीय खात्याचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. ठरावीक मुदतीने सिलिंडराची पाण्याच्या दाबाने तपासणी होते आणि तिची तारीख खांद्यावर ठोकलेली असते. ती वाचायला पदवी लागत नाही.

दसऱ्याला आमच्या प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा व्हायची. तराजूला, भट्टीला, सिलिंडरांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. मी ती मनापासून करत आले. फक्त फूल वाहण्याआधी प्रत्येक सिलिंडराची साखळी ओढून बघायची, टोपी फिरवून बघायची, तारीख वाचायची, आणि उदबत्ती खोलीबाहेर लावायची, असा आमचा विधी ठरला होता. ज्यांच्या शाळेत, कॉलेजात, दवाखान्यात किंवा वेल्डिंगच्या दुकानात सिलिंडर उभं आहे, त्यांना माझी विनंती आहे: येत्या दसऱ्याची वाट बघू नका. उद्या सकाळी जाऊन साखळी ओढून बघा, आणि सिलिंडर आणून देणाऱ्या माणसाला त्याचं नाव विचारा.